टेकडीवर राहायला गेलेलं गाव

तुम्ही कधी घर बदललंय? बदललं असेल, तर त्या दिवसाची गडबड तुम्हाला नक्की आठवत असेल. पुस्तकांची खोकी, भांड्यांची पोती, सुतळीनं बांधलेल्या गाद्या आणि टेम्पोत सगळ्यांत शेवटी चढवलेली तुळशीची कुंडी! शेजारच्या काकू दारात उभ्या राहून पदरानं डोळे पुसतात आणि म्हणतात, "येत जा हं अधूनमधून."

आता अशी कल्पना करा, की त्या शेजारच्या काकूही सामान बांधतायत. समोरचे किराणा दुकानवाले काकाही बांधतायत. शाळेतल्या बाई निघाल्यात, पोस्ट निघालंय, प्रार्थनामंदिर निघालंय. कुणी एकटंदुकटं नाही, अख्खं गावच निघालंय!

"काहीतरीच काय! गाव कुठे उठून जातं का?" असं तुम्ही म्हणाल. पण असं एक गाव आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं हे चिमुकलं गाव. नाव व्हॅलमायर. पुराच्या आधी वस्ती होती जेमतेम नऊशे. १९९३ साली मिसिसिपी नदीनं ते बुडवलं आणि गावकऱ्यांनी ठरवलं, की आपण सगळ्यांनी मिळून वर टेकडीवर जायचं. ते गेलेही. पण हे सारं गोष्टीत घडतं तितकं सोपं नव्हतं. चला, आज आपण या गावाची ओळख करून घेऊ.

आधी नकाशा उघडा

घरात अ‍ॅटलास असेल तर तो समोर घ्या आणि अमेरिकेचं पान काढा. नकाशाच्या मधोमध वरून खाली वाहणारी एक निळी रेघ दिसेल. ही मिसिसिपी. उत्तरेला मिनेसोटा राज्यातल्या एका तळ्यातून ती निघते आणि पार दक्षिणेला मेक्सिकोच्या आखाताला जाऊन मिळते. आता या रेघेवरून बोट खाली खाली आणा. मधल्या टप्प्यात पश्चिमेकडून मिसूरी ही दुसरी मोठी नदी तिला येऊन मिळते. या संगमाच्या थोडंसं खाली सेंट लुईस हे मोठं शहर आहे. तिथून दक्षिणेला साधारण चाळीस किलोमीटर गेलं, की नदीच्या पूर्वेकडच्या बाजूला आपलं व्हॅलमायर. शाळेच्या अ‍ॅटलासमध्ये त्याचं नाव बहुधा सापडणार नाही. पेन्सिलीनं बारीकसा ठिपका द्या म्हणजे झालं.

या भागाची जमीन मोठी गमतीची आहे. नदीच्या काठाला लागून एक लांबच लांब सपाट पट्टा आहे. त्याला ‘अमेरिकन बॉटम’ म्हणतात. बॉटम म्हणजे तळ. नाव अगदी बरोबर आहे, कारण हा पट्टा खरोखरच एखाद्या परातीच्या तळासारखा सपाट आहे. एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला एकदम उभा राहिलेला पांढुरका कडा. कडा चढून वर गेलात, की पुन्हा पठार लागतं.

हा कडा चुनखडीचा आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड लाव्हारसापासून झाला, हे तुम्ही भूगोलात शिकला असाल. तिथला दगड मात्र समुद्रात तयार झाला. तीस कोटी वर्षांहूनही आधी या ठिकाणी उथळ समुद्र होता. त्यातल्या शंखशिंपल्यांचे आणि इतर लहान जिवांचे अवशेष तळाशी साचत गेले, दबत गेले आणि त्यांचा दगड झाला. शास्त्रज्ञांनी त्या काळाला या नदीवरूनच ‘मिसिसिपियन’ असं नाव दिलं आहे.

चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते. म्हणून वरच्या पठाराच्या पोटात गुहा आहेत आणि पठारावर जमीन खचून झालेले हजारो खड्डे आहेत. आणि खालचा सपाट पट्टा? तो नदीनंच बनवला. वर्षानुवर्षं पूर यायचा, पाणी पसरायचं आणि ओसरताना गाळाचा एक थर मागे ठेवून जायचं. काळी, मऊ, सुपीक माती! तिथे मका, सोयाबीन आणि गहू झकास पिकतो. थोडक्यात काय, तर ज्या पुराची माणसांना भीती वाटते, त्याच पुरानं त्यांची शेतं तयार केली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

मायर मंडळींचं खोरं

या सुपीक पट्ट्यात माणसं फार पूर्वीपासून राहत आली आहेत. याच पट्ट्याच्या उत्तर भागात, सुमारे नऊशे वर्षांपूर्वी, मूळ अमेरिकन लोकांचं कहोकिया हे मोठं नगर होतं. तिथे त्यांनी टोपल्याटोपल्यांनी माती वाहून उंचवटे रचले. त्यांतला सर्वांत मोठा उंचवटा आजही तीस मीटर उंच आहे.

पुढे फ्रेंच आले. त्यांनी या पट्ट्यात गावं वसवली. त्यांतल्या कॅसकॅस्किया नावाच्या गावाची कहाणी ऐकण्यासारखी आहे. १८१८ साली इलिनॉय राज्य झालं, तेव्हा त्याची पहिली राजधानी म्हणजे हे गाव! पण १८८१च्या पुरात मिसिसिपीनं आपला मार्गच बदलला. ती शेजारच्या छोट्या नदीच्या पात्रात घुसली आणि तिनं जुन्या गावाचा घास घेतला. कॅसकॅस्कियाचा जो भाग उरला, तो नदीच्या पलीकडच्या तीरावर गेला. आजही इलिनॉय राज्याच्या या गावात जायचं असेल, तर शेजारच्या मिसूरी राज्यातून जावं लागतं. २०२० च्या जनगणनेत तिथे फक्त २१ माणसं होती. एकेकाळच्या राजधानीत एकवीस माणसं!

नंतर एकोणिसाव्या शतकात इथे जर्मनीतून आलेली शेतकरी कुटुंबं स्थिरावली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कड्याच्या पायथ्यानं आगगाडी धावू लागली आणि रुळांच्या कडेला घरं उभी राहिली. या वस्तीत मायर आडनावाची माणसं खूप. म्हणून ‘व्हॅली’ म्हणजे खोरं आणि ‘मायर’ हे आडनाव, असे दोन तुकडे जोडून गावाचं नाव व्हॅलमायर पडलं, असं सांगतात. १९०९ साली त्याची अधिकृत गाव म्हणून नोंद झाली.

गाव तसं साधंच. सरळ रेषेत आखलेले रस्ते, लाकडी घरं, दोन चर्च, एक शाळा, थोडी दुकानं. सगळे सगळ्यांना ओळखत. कुणाच्या मुलानं कुणाच्या खिडकीची काच फोडली, हे तो घरी पोचायच्या आत आईला कळलेलं असायचं!

नदीला बांध

नदी गावापासून चार-पाच किलोमीटर लांब होती. तरीही पट्टा सपाट, त्यामुळे पूर आला की पाणी थेट गावात. १९१० साली आलं. १९४३ साली आलं. १९४४ साली पुन्हा आलं आणि १९४७ सालीही आलं. मग सरकारनं नदीच्या काठानं मातीचे उंच बांध घातले, होते ते वाढवले. तिकडे या बांधांना ‘लेव्ही’ म्हणतात. नदीच्या कडेनं मैलोन् मैल लांब टेकाड घातलेलं असावं, असा हा बांध दिसतो.

बांधाचं काम कसं चालतं? अगदी सोपं आहे. पूर आला, की पाणी दोन्ही बाजूंना पसरू न देता पात्रातच अडवून धरायचं. पण यात एक मेख आहे. आंघोळीच्या बादलीतलं पाणी पसरट घमेल्यात ओता, ते चार बोटंही चढत नाही. तेच पाणी अरुंद नळकांड्यात ओता, की सरसर वर चढतं. नदीचंही तसंच. पसरायला जागा मिळाली नाही, की ती उंच होते. बांध नेहमीचे पूर थांबवतात, पण एखादा फार मोठा पूर आला, तर पाणी पूर्वीपेक्षा जास्त उंचीवर उभं असतं. आणि बांध एका ठिकाणी जरी फुटला, तरी ते सगळं एकदम आत येतं.

व्हॅलमायरला मात्र पुढची सेहेचाळीस वर्षं पाणी आलं नाही. जी मुलं १९४७च्या पुरात आईच्या कडेवर होती, त्यांना आता नातवंडं झाली. लोकांना वाटलं, चला, नदी एकदाची ताब्यात आली.

१९९३चा उन्हाळा

१९९३ साली अमेरिकेच्या मधल्या राज्यांत पाऊस थांबेचना. आधीच्या हिवाळ्यापासून जमीन पाण्यानं तुडुंब भरलेली होती. त्यात जून आणि जुलैमध्ये त्याच त्या भागावर पुन्हा पुन्हा मुसळधार पाऊस पडत राहिला. मिसिसिपीला पूर, मिसूरीला पूर, आणि दोघी सेंट लुईसच्या डोक्यावर एकत्र येतात! म्हणजे व्हॅलमायरच्या वाट्याला दोन्ही नद्यांचं पाणी.

सेंट लुईसला नदीची उंची मोजायची पट्टी आहे. तिथे पाणी ३० फुटांवर गेलं, की पूर आला असं समजतात. त्या वर्षाआधीचा विक्रम होता ४३ फुटांच्या थोडा वर, १९७३ सालचा. १ ऑगस्ट १९९३ला पाणी ४९.५८ फुटांवर पोचलं. पावसाळ्यात आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ‘धरणातून अमुक इतके क्युसेक पाणी सोडलं’ असं तुम्ही वाचता ना? त्या दिवशी सेंट लुईसवरून दहा लाख क्युसेकपेक्षा जास्त पाणी वाहत होतं.

व्हॅलमायरची माणसं बांधावर होती. म्हातारेकोतारे, शाळा-कॉलेजातली मुलं, बाहेरगावाहून आलेले स्वयंसेवक, सगळे वाळूची पोती भरत होते. पाणी बांधावरून ओसंडू नये म्हणून बांधाच्या माथ्यावर पोती. आणि बांधाच्या आतल्या बाजूलाही पोती! ती कशाला? तर नदीचा दाब इतका असतो, की पाणी बांधाच्या खालून झिरपतं आणि आतल्या शेतात कारंज्यासारखं उसळतं. त्याबरोबर वाळू वाहून आली, तर बांध आतून पोकळ होतो. म्हणून त्या कारंज्याभोवती पोत्यांचं कडं रचतात. कड्यात पाणी साठतं, त्याचा उलटा दाब पडतो आणि वाळू वाहायची थांबते. विहिरीच्या कठड्यासारखं दिसणारं हे कडं म्हणजे बांधाला केलेली मलमपट्टीच.

गावासमोरच्या बांधावर लोक जिवाचं रान करत होते. पण घात दुसरीकडेच झाला. १ ऑगस्टला उत्तरेला कोलंबिया नावाच्या गावाजवळ बांध फुटला. एक आख्खं शेतघर त्या लोंढ्यात उचललं जाऊन वाहून गेलं. ते दृश्य टीव्हीवरून साऱ्या अमेरिकेनं पाहिलं. बांधाच्या आत शिरलेलं पाणी आता बांध आणि कडा यांच्या मधल्या पट्ट्यातून दक्षिणेकडे निघालं. वाटेतल्या ओढ्याचे बांधही त्यानं ओलांडले. आणि ते व्हॅलमायरला आलं ते समोरून नाही, बाजूनं! ज्या बांधानं नदीला बाहेर ठेवायचं, त्यानंच आता आत आलेलं पाणी अडवून धरलं. त्याला नदीत परत जायला वाटच नव्हती.

याच पट्ट्यात आणखी दक्षिणेला प्रेअरी डू रोशर नावाचं गाव आहे. ते १७२२ सालचं. आता तो लोंढा त्या गावावर चालून येणार होता. तिथे अधिकाऱ्यांनी आणि गावकऱ्यांनी काय केलं असेल? त्यांनी गावाच्या वरच्या बाजूला नदीचा बांध मुद्दाम तोडला! ऐकून चक्रावलात ना? त्यांनी असा विचार केला, की नदीचं पाणी शेतांत आधीच शांतपणे भरू द्यावं, म्हणजे मागून येणारा लोंढा त्या पाण्याच्या गादीवर आदळून मंदावेल. युक्ती लागू पडली, गाव वाचलं. पण बुडालेली शेतंही कुणाची तरी होतीच की.

व्हॅलमायरची माणसं आधीच सुरक्षित जागी गेली होती, म्हणून जीव वाचले. घरं मात्र गेली. काही ठिकाणी पाणी छपरापर्यंत होतं. आठवडेच्या आठवडे ते हललं नाही. सप्टेंबरमध्ये ओसरतंय म्हणेपर्यंत पुन्हा चढलं.

चिखलातले प्रश्न

लोक परतले तेव्हा काय दिसलं? भिंतींवर बुरशी, फुगलेली दारं, चिखलात माखलेले फोटोंचे अल्बम, आणि सगळीकडे कुबट वास. गावातल्या जवळजवळ नव्वद टक्के इमारतींचं भारी नुकसान झालं होतं.

"साफसफाई करायची आणि परत राहायचं, त्यात काय?" असं तुम्हाला वाटेल. पण तिथे एक नियम आहे. पूरक्षेत्रातल्या घराची दुरुस्ती त्याच्या किमतीच्या निम्म्यापेक्षा महाग पडत असेल, तर ते घर ‘शंभर वर्षांच्या पुराच्या’ पातळीवर उचलूनच बांधावं लागतं. म्हणजे साधंसुधं घर चक्क खांबांवर!

आता हा ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. भलेभले यात चुकतात. हा पूर शंभर वर्षांतून एकदाच येतो, एकदा आला की पुढची नव्व्याण्णव वर्षं निवांत, असा याचा अर्थ नाही! याचा अर्थ असा, की दर वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक असते. पिशवीत शंभर गोट्या आहेत, नव्व्याण्णव पांढऱ्या आणि एक लाल. दर वर्षी न बघता एक गोटी काढायची आणि परत टाकायची. गेल्या वर्षी लाल निघाली म्हणून यंदा निघणार नाही, असं काही आहे का? गणितात रस असलेल्यांसाठी: तीस वर्षांत एकदा तरी लाल गोटी निघण्याची शक्यता जवळजवळ २६ टक्के येते. घराचं कर्ज फेडायलाही साधारण तीस वर्षं लागतात!

गावापुढे तीन वाटा होत्या. घरं खांबांवर उचलून तिथेच राहायचं. सरकारनं जुन्या घराचे दिले तेवढे पैसे घेऊन ज्यानं त्यानं आपापल्या वाटेनं जायचं. किंवा सगळ्यांनी मिळून नवीन जागी गाव वसवायचं. दुसरी वाट सर्वांत सोपी होती. पण तिच्यात गाव संपणार होतं.

डेनिस नोब्लॉक हे तेव्हा गावचे महापौर. महापौर म्हटल्यावर मोठ्या शहराचे महापौर डोळ्यांपुढे आणू नका, आपल्याकडचे सरपंच आणा. त्यांनी सभा बोलावल्या. लोक बोलले, रडले, भांडलेही असतील. शेवटी बहुसंख्य लोकांनी सांगितलं, की जायचं तर एकत्र जायचं.

शेतात आखलेलं गाव

जागा सापडली ती कड्यावर, जुन्या गावापासून जेमतेम तीन किलोमीटरवर. सुमारे पाचशे एकर जमीन आणि उंची जुन्या गावापेक्षा साधारण चारशे फूट जास्त. मिसिसिपीनं कितीही उड्या मारल्या तरी तिथवर पोचणार नाही.

पण गाव म्हणजे नुसती घरं नव्हेत. रस्ते कुठून न्यायचे? पिण्याचं पाणी कुठून आणायचं? सांडपाण्याचं काय? शाळा मध्यभागी की कडेला? चर्च कुठे? म्हाताऱ्या माणसांची घरं कुठे? गावकऱ्यांनी वेगवेगळ्या कामांच्या समित्या केल्या. दिवसा नोकरी नाहीतर शेती आणि संध्याकाळी नकाशे घेऊन बैठक, असा क्रम सुरू झाला. यांतले बहुतेक जण गाव आखणारे तज्ज्ञ नव्हते. पण चाळीस वर्षं गावात राहिलेल्या आजीला गावात काय हवं, हे कुणी शिकवायची गरज असते का?

अडचणी काही थोड्या नव्हत्या. अनेक सरकारी कचेऱ्यांच्या परवानग्या लागायच्या. सरकारी पैशातून काही बांधायचं, तर त्या जमिनीत जुने अवशेष आहेत का, हे आधी तपासावं लागतं. तपासलं, तर खरोखरच निघाले! मूळ अमेरिकन लोकांच्या कित्येक शतकांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा तिथे सापडल्या. म्हणजे टेकडीवर राहायची अक्कल व्हॅलमायरच्याही आधी कुणाला तरी सुचली होती! पुरातत्त्वज्ञांचं उत्खनन होईपर्यंत बांधकामाला थांबावं लागलं.

तोवर लोक कुठे होते? काही नातेवाइकांकडे, काही भाड्याच्या घरांत, तर बरेच जण सरकारनं दिलेल्या लांबोळक्या तात्पुरत्या घरांत. शाळाही तात्पुरत्या जागेत भरत होती. तुमच्या वयाच्या मुलांनी असे दोन-दोन हिवाळे काढले. आणि ‘अजून किती दिवस?’ या प्रश्नाला मोठ्यांकडेही उत्तर नव्हतं.

सगळ्यांनाच इतका धीर धरता आला नाही. कुणी जवळच्या मोठ्या गावात घर घेतलं, कुणी मुलांकडे राहायला गेलं. सरकार जुन्या घराची पुराआधीची किंमत देत होतं, पण नवं घर त्यापेक्षा महाग. उतारवयात नव्यानं कर्ज काढायचं म्हणजे काय असतं, हे आईबाबांना विचारून पाहा.

१९९५ साली पहिली कुटुंबं टेकडीवर राहायला आली. मग शाळा झाली, चर्च झाली. या साऱ्याला सुमारे साडेतीन कोटी डॉलर खर्च आला. त्यांतला मोठा वाटा केंद्र आणि राज्य सरकारनं उचलला.

काय मिळालं, काय गेलं

आकडे काय सांगतात बघा. १९९० साली गावात जवळजवळ नऊशे माणसं होती. २००० साली, म्हणजे स्थलांतरानंतर, ती सहाशेच्या आसपास उरली. म्हणजे बरेच लोक टेकडीवर आलेच नाहीत. पुढे मात्र नवीन कुटुंबं येऊ लागली आणि २०२०च्या जनगणनेत गावाची वस्ती बाराशेच्या वर गेलेली होती. गाव जगलं, वाढलंही. पण जुने शेजारी शेजारीच राहिले, असं प्रत्येकाच्या बाबतीत झालं नाही.

नव्या गावातले रस्ते वळणावळणाचे, घरं ऐसपैस, एकमेकांपासून दूर दूर. जुन्या गावात संध्याकाळी ओट्यावर बसलं, की येणारा-जाणारा प्रत्येक जण दोन शब्द बोलून जायचा. नवीन जागी तसा ओटा बांधता येतो, पण त्याच्यासमोरून जाणारी माणसं कुठून आणणार?

आणि खालचं जुनं गाव? सरकारनं विकत घेतलेली घरं पाडली गेली. त्या जागेवर पुन्हा घरं बांधायची नाहीत, ती कायम मोकळी ठेवायची, असा कायदाच आहे. काही थोडी कुटुंबं मात्र हट्टानं खालीच राहिली. त्यांना आपली जागा सोडवली नाही. त्यांना वेडं म्हणू नका. ज्या अंगणात आजोबांनी झाड लावलं, ते अंगण सोडायचं की नाही, याचं उत्तर प्रत्येकाचं सारखं कसं असेल?

या गोष्टीत एक गंमतही आहे. नव्या गावाच्या कड्याच्या पोटात चुनखडीची जुनी खाण आहे. दगड काढताना मधे मधे जाड खांब तसेच सोडायचे, म्हणजे छत खाली येत नाही, अशी ही खाण. त्यामुळे आत मोठमोठी दालनं तयार झाली. बाहेर बर्फ पडो की ऊन तापो, आतली हवा बारा महिने जवळजवळ सारखीच थंड. गावानं या जागेचा उपयोग करायचं ठरवलं आणि तिथे गोदामं उभी राहिली. आज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची कागदपत्रंही या खाणीत ठेवलेली आहेत. जे गाव पाण्यात बुडालं, त्याच्याच कड्यात देशाचे कागद कोरडे राहावेत म्हणून ठेवलेत!

आपल्याकडचं १९९३

हे वाचताना तुमच्या आईबाबांना किंवा आजीआजोबांना आणखी एक आठवण आली असेल. त्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. व्हॅलमायरमध्ये घरं गेली पण माणसं वाचली. आपल्याकडे झोपेतच घरं अंगावर आली. हे दुःख कितीतरी मोठं. पण नंतरचे प्रश्न बरेचसे सारखे होते. तिथेही बावन्न गावं नवीन जागी वसवली गेली. रुंद रस्ते आले, घरं दूर दूर झाली, आणि जुना पार, जुनी वेस, दगडी वाडे मागे राहिले. तुमच्या ओळखीत तिथलं कुणी असेल, तर त्यांना नव्या गावाबद्दल जरूर विचारा. त्यांना सांगण्यासारखं खूप काही असेल.

आणि नदी?

नदी तिथेच आहे. २०१९च्या जूनमध्ये सेंट लुईसला पाणी ४६.०२ फुटांवर गेलं. १९९३नंतरचा हा सर्वांत मोठा पूर. व्हॅलमायरची मुलं त्या दिवसांत टेकडीवरच्या आपल्या घरांत होती. त्यांच्या आईबाबांनी तुमच्या-माझ्यासारख्याच एका उन्हाळ्यात हातांना फोड येईपर्यंत वाळूची पोती भरली होती.

आता तुमच्यासाठी काम. आजोबा-आजींना किंवा शेजारच्या जुन्या माणसांना विचारा, की आपल्या गावात किंवा पेठेत पाणी कुठपर्यंत आलं होतं, आणि कोणत्या साली. पुष्कळ गावांत देवळाच्या पायरीवर नाहीतर पुलाच्या खांबावर पुराची खूण केलेली असते. ती शोधा आणि वहीत नकाशा काढून त्यावर दाखवा. आणि मग घरातल्या सगळ्यांनी मिळून एक प्रश्न सोडवा: आपलं गाव उचलून दुसरीकडे न्यायचं ठरलं, तर घरांखेरीज कोणत्या पाच गोष्टी नेल्याच पाहिजेत?

यादी झाली की आम्हाला पत्रानं कळवा. आणि हो, आजीची आणि तुमची यादी वेगवेगळी झाली, तर दोन्ही पाठवा!